मागच्या दिव्यातलं पाणी

आमच्या घरात गाडी बायको चालवते. मला चारचाकी येत नाही. शिकायला गेलो होतो, पण समोरून एसटी आली तेव्हा मी स्टिअरिंग सोडून डोळेच झाकले. शिकवणाऱ्यानं हात जोडून मला घरी पाठवलं. मी जात्याच भित्रा. वीज कडाडली की मेन स्विच बंद करतो, कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो लहानपणापासून माझ्या मुक्कामाला आहे.

बायको लोणावळ्याच्या एका शाळेत शिकवते. कामशेतहून जुन्या हायवेनं रोज जाते, येते. मी वडगावला एका वकिलांकडे टायपिंग करतो आणि लोकलनं जातो. उन्हाळ्यात मला काही वाटत नाही. पण आषाढात कार्ल्याच्या पुढे धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा नुसता लाल ठिपका दिसतो, आणि तो ठिपका म्हणजेच गाडी. एकदा बसमधून जाताना मी एक टेम्पो पाहिला होता, बंद पडलेल्या ट्रॉलीत मागून घुसलेला. ट्रॉलीला दिवा नव्हता. टेम्पोत कोण होतं ते मी कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून माझी सगळी भीती गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन बसली. पुढचं बायको बघते, मागचं कोण बघणार?

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात शेजारचे भाऊ जयभीम घालून म्हणाले, “दिव्यात मासं पाळल्यात का काय?” तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. जाऊन बघतो तर डावीकडच्या मागच्या दिव्याला आतून घाम फुटलेला, आणि तळाशी बोटभर पाणी. गाडीला धक्का दिला की ते डुचमळायचं.

“रविवारी गॅरेजला नेऊ,” बायको म्हणाली.

रविवारपर्यंत मला दम कुठला? मोबाईलवर बघून बघून मी स्वतःच कामाला लागलो. डिकी उघडून आतले नट काढले, दिवा बाहेर ओढला, बल्ब होल्डरसकट फिरवून सोडवले आणि पाणी ओतून दिलं. पण काचेच्या आतली वाफ काही हटेना. फडकं आत जात नाही, आणि उन्हाचा तर पत्ता नव्हता.

आई ओट्यावरून बघत होती. “मोबाईल पान्यात पडला तवा काय केलतं? तांदळात घाल की,” ती म्हणाली.

आमच्याकडे हा उपाय कुणी नाकारत नाही. भाताच्या गावातली माणसं आम्ही. घड्याळ, रिमोट, कानातलं यंत्र, सगळं तांदळात घालून बरं करतो. दिवा कोठीत इंद्रायणी तांदळाच्या पोटात पुरला. तो बाहेर निघेपर्यंत बायको लोकलनं गेली, आणि ते दिवस माझे फार सुखात गेले. दिवा निघाला तो लख्ख. आईनं हलवून हलवून दाणे झाडले, मी दिवा बसवला आणि सिलिकॉनची अख्खी ट्यूब कडेनं लिंपली. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही.

खरं काय झालं होतं ते मागाहून कळलं. अशा दिव्याच्या तळाला पाणी झिरपून जायला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यात कणी आणि कोंडा जाऊन बसला होता, आणि वरून माझं सिलिकॉन. पाणी यायचं ते वायरच्या बाजूच्या चिरलेल्या रबरातून. ते येतच राहिलं आणि त्याला जायला वाट उरली नाही.

पुढे एका सकाळी आईचे डोळे दाखवायला लोणावळ्याला जायचं होतं. बायकोनं सुट्टी काढली होती. पुढच्या सीटचा पट्टा आवळतो म्हणून आई मागे बसली. बाहेर गच्च धुकं होतं. मी स्कूटर काढली.

“तुम्ही कुठं?” बायकोनं विचारलं.

“मला काम आहे लोणावळ्यात.”

“कसलं?”

“आहे एक.”

ती हसली. माझं काम काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. “हेल्मेट घाला. आणि फार जवळ येऊ नका,” ती म्हणाली.

कार्ला फाटा गेला तसं रस्त्याच्या कडेची झाडं गेली, मग कडाही गेल्या. आमची गाडी राखाडी, धुकंही राखाडी. समोर फक्त दोन लाल दिवे. मी त्यांच्यावर नजर लावून चाललो होतो. वलवणच्या अलीकडे डावा दिवा एकदा मिचमिचला. मग विझला. मी काही समजायच्या आत उजवाही गेला. आतल्या पाण्यानं शॉर्ट होऊन दोन्ही दिव्यांचा एकच फ्यूज उडाला होता.

समोर काहीच उरलं नाही. आई आणि बायको त्या पांढऱ्यात कुठं तरी होत्या, आणि जगात हे फक्त मला माहीत होतं.

मी हॉर्न दाबला. एकसारखा दाबला. फोन करायचा म्हटलं तर गाडी चालवताना फोन उचलायचा नाही अशी शपथ मीच तिला घातलेली. हॉर्न ऐकून तिनं तेच केलं जे आमच्या रस्त्यावर कुणीही करतं: मागच्याला घाई आहे असं समजून साइड द्यायला वेग कमी केला. नेमका त्याच वेळी माझ्या उजव्या खांद्याला घासून एक भरलेला ट्रक पुढे गेला.

माझी पाचावर धारण बसली. त्रिशरण म्हणायला घेतलं, तर पहिल्या ओळीच्या पुढे जीभच जाईना. ट्रकला पुढे काही दिसत नव्हतं, आणि पुढे त्या दोघी हळू होत होत्या.

मी स्कूटर डावीकडे साइडपट्टीवर घातली. खडी उडत होती, हँडल हातात राहत नव्हतं. ट्रकची चाकं कानाशी फिरत होती. त्याला मागे टाकून मी आत वळलो तेव्हा आमच्या गाडीचा बंपर हातभर अंतरावर होता. तिथंच राहिलो. तिला थांबवू कुठं? डावीकडे नाला होता. गाडी उभी राहिली असती तर ट्रकनं तिघांनाही घेतलं असतं. म्हणून ब्रेक अर्धवट दाबून धरला, म्हणजे माझ्या स्कूटरचा लाल दिवा पेटता राहील, आणि रेस देत तसाच चालत राहिलो. मागून ट्रकचा उजेड माझ्या पाठीवर पडला. गाडीच्या मागच्या काचेवर माझीच सावली आली. त्या सावलीतून आईनं वळून बघितलं, मला ओळखलं, आणि हसून हात हलवला. मला रडू फुटलं.

पुढे एक पेट्रोल पंप आला तेव्हा रस्ता रुंद झाला. मी पुढे होऊन हात केला. तिनं गाडी आत घेतली आणि ट्रक हॉर्न देत निघून गेला.

बायको दार आपटून उतरली. “मी काय सांगितलं होतं? आरशात तुमच्या हेल्मेटशिवाय काही दिसत नव्हतं! मी ब्रेक मारला असता तर?”

 मी बोटानं मागचे दिवे दाखवले. ती मागे आली. दोन्ही दिवे काळे. डाव्यात तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी अर्ध्यापर्यंत चढलेलं. ती वाकून बघत राहिली. मग उभी राहिली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

“म्हणजे आमच्या मागे तुमचा दिवा होता.”

मी मान हलवली.

“आणि तुमच्या मागे कोण होतं?”

“ट्रक,” मी म्हणालो.

ट्रक गेला त्या दिशेला तिनं एकदा बघितलं. मग माझ्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागली. सोळा वर्षांच्या संसारात मी तिला घाबरलेली कधी पाहिली नव्हती. आज तिला तो पट्टा काही सुटेना. शेवटी आई गाडीतून उतरली, तिनं सुनेचे हात बाजूला केले आणि तो सोडवला.