सेनेगल ऐकायला सौंसरला

"सेनेगलचं संगीत ऐकायला सौंसरला चाललीस? मग पुढच्या आठवड्यात जपान बघायला सावनेरला उतर." असा नवरा घरात असला की बॅग भरायला दुप्पट हुरूप येतो. मी शनिवारी सकाळी नागपूरहून बस पकडली.

थोडं मागचं सांगायला हवं. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी आठ वाजता मी एका छोट्या इंटरनेट रेडिओवर 'भूगोलाचा तास' नावाचा कार्यक्रम ऐकते. तो चालवतात सौंसरच्या कुंदा मॅडम, सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. सेनेगल-गिनीचा लाकडी पट्ट्यांचा बालाफोन, त्यावर कांगोची गिटार, मग मॉरिशसचा सेगा, मग क्यूबा, आणि मध्येच गुजरातच्या सिद्दींची ढोलावरची 'धमाल'. संगीताच्या जाणकारांना घेरी यावी असा क्रम. आफ्रिकेतून माणसं जिथे जिथे नेली गेली, गेली, पोचली, तिथे तिथे मॅडम आपल्याला ओढत नेतात. आणि प्रत्येक गाण्याआधी पाच मिनिटं माहिती: देश, नद्या, पिकं, पर्जन्यमान, मग गाण्याचा अर्थ. या माहितीच्या वेळात माझा चहा होतो, हे इथे कबूल करून टाकते.

मागच्या रविवारी मात्र मॅडम म्हणाल्या, "पुढचा तास शेवटचा. मेसेज लिस्बनहून येतात, पुण्याहून येतात. सौंसर-पांढुर्ण्यातून एक नाही. तीस वर्षं ज्या लेकरांना शिकवलं त्यांनाच ऐकू जाऊन नाही राहिलं, तर मी बोलून कोणाशी राहिली?"

मी घाबरून तीन वर्षांत पहिल्यांदा मेसेज टाकला. उत्तर आलं: "शेवटचा तास इथं बसून ऐक. मुक्कामालाच ये."

योजना करणाऱ्यांसाठी: नागपूर ते सौंसर बसला दोन तास धरा, तिकीट शंभराच्या आसपास. रस्ता चांगला आहे, चालक त्याहून चांगला आहे असं त्याचं स्वतःचं मत होतं. सावनेर मागे पडलं की मध्य प्रदेश लागतो आणि दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, पण खाली उभी माणसं मराठीच बोलतात. लोधीखेड्याच्या फाट्यावर एक आजोबा संत्र्यांची पिशवी घेऊन चढले आणि मला न विचारता दोन संत्री हातात कोंबली. फेब्रुवारी संपत आलेला, मृगाचा बहार बाजारात, त्यामुळे या भागात संत्र्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं ठरतं.

मॅडमने पाचला बोलावलं होतं, म्हणून सौंसरच्या स्टँडवर आलूबोंडा खाऊन (तिखट आहे, पाणी आधी हाताशी ठेवा) ऑटोने जामसावलीला गेले. इथे मारुतीराया आडवे पहुडलेले आहेत. शनिवारची गर्दी, घंटा, भोंग्यावर आरती, नारळांचा खच, आणि ते निवांत. मला खरंच हेवा वाटला. रांगेत दीड तास लागतो, सावलीची सोय आहे, चपलांची जबाबदारी स्वतःची.

मॅडमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे गाद्या ठेवायची खोली: भिंतींना टाचलेली गोधडी, टेबलावर लॅपटॉप, आणि शाळेतून निवृत्तीच्या वेळी उचलून आणलेला आफ्रिकेचा फाटका नकाशा. "चोरी नाही हो," त्या म्हणाल्या, "शाळा टाकूनच देऊन राहिली होती." रात्री पाटवडीचा रस्सा झाला. त्यांनी सांगितलं की वर्गात आफ्रिका म्हटलं की पोरं सिंह आणि वाळवंट एवढंच सांगत. म्हणून त्या जुन्या रेडिओवरून गाणी कॅसेटवर भरून घ्यायच्या आणि वर्गात लावायच्या. "पोरं हसायची. पण ऐकायची." मग बराच वेळ त्या पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवत बसल्या. मी त्यांना आणखी एक पाटवडी वाढली.

रविवारचा तास मी गाद्यांवर बसून ऐकला. मॅडमने सेग्याचा ढोल आपल्या डफासारखा विस्तवावर शेकून घेतात हे सांगितलं, क्यूबाला गेलेले ताल तबकड्यांवर बसून कांगोला घरी परतले हे सांगितलं. शेवटी दोनच शब्द: "वर्ग सुटला." माईक बंद करून त्या गोधडी काढायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, लग्नाला उशीर होतोय.

कारण पांढुर्ण्याला त्यांच्या एका सहकारी शिक्षिकेच्या मुलाचं लग्न होतं आणि मुक्कामाचं पाहुणं घरी एकटं ठेवायची इथे पद्धत नाही. सौंसर ते पांढुर्णा बसने तासभर. पांढुर्णा म्हटलं की सगळे गोटमारीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीचं विचारतात; मी फक्त मठ्ठा कुठे मिळेल ते विचारलं.

मांडवाच्या दारात आम्ही मठ्ठा पीत उभ्या होतो आणि कोपऱ्यावरून वरात वळली. पुढे बँड पार्टी, लाल कोट, पितळेचे भोंगे. चाल ऐकून मॅडमने माझा दंड इतका घट्ट धरला की मठ्ठा सांडला.

"अगं, हे तर आपलं!"

मीही ओळखलं. घानाच्या हायलाइफ संगीतातलं गाणं. तासात दोनदा लागलेलं. गिटारची वळणं क्लॅरिनेटवर चढवलेली, आणि नवरदेवाचे काका त्यावर जमिनीला पाठ टेकवून नागीण करत होते. मॅडमचा चेहरा उजळला, आणि पुढच्याच क्षणी उतरला.

"देवा रे. हे मयतीचं आहे."

त्या थेट वरातीत घुसल्या. "भगवान!"

क्लॅरिनेटवाल्या, पन्नाशीच्या बँडमास्तरने वाजवणं थांबवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. छडी खाल्लेल्या विद्यार्थ्याचे हात वय विसरतात.

"कुठून उचललं हे?"

"तुमच्याच तासातून, मॅडम. दर रविवारी ऐकून राहिलो ना. सारी पार्टी ऐकते. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवतो, आवाज वाढते."

"मग हे गाणं कशाचं आहे ते मी पाच मिनिटं सांगितलं होतं!"

भगवानने मान खाली घातली. "माहिती लागली का आम्ही चहा मांडतो, मॅडम."

मी मठ्ठ्याच्या ग्लासात तोंड घातलं.

"मेल्या, माणूस गेल्यावर वाजवतात हे तिकडे."

भगवानने बोटांवर काहीतरी मोजलं आणि पांढरा पडला. "अकरा लग्नं लावली त्याच्यावर." मग हळूच विचारलं, "तिकडचे लोकं रडतात का याच्यावर?"

खोटं बोलणं मॅडमला येत नाही. "नाही. नाचतात."

"मग ठेका त बराबर धरला आम्ही."

"बराबर धरणारच. बँड तिकडेही इंग्रजांच्या पलटणीतूनच आला, तुमच्यासारखाच." मग आवाज बारीक झाला. "ऐकत होता, तर सांगितलं काहून नाही रे कधी?"

"भूगोलात तीनदा नापास झालेलं पोरगं तुमाले काय सांगणार, मॅडम?"

मागून जमिनीवरचे काका ओरडले, "अबे, बंद काहून केलं? मॅडमवालं लावा ना!"

मॅडमवालं. पांढुर्ण्यात त्या गाण्याला हेच नाव पडलं होतं. मॅडमने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "वाजव." माझंही तेच चाललं होतं, फक्त माझ्याकडे पदर नव्हता.

सोमवारी नागपूरला परतले. खर्च किरकोळ, हाती संत्र्यांची एक पेटी. नवऱ्याने विचारलं, "सेनेगल कसं होतं?" मी म्हटलं, घाना होतं.

पुढच्या रविवारी आठ वाजता मी नुसत्या सवयीने रेडिओ लावला आणि गॅसवर आधण ठेवलं. मॅडमचा आवाज आला. "बसा. मागच्या वेळी वर्ग सुटला म्हणाले ते रद्द. आज एकच गाणं, आणि माहिती आधी." मी गॅस बंद केला.

त्यांनी घानाचं पर्जन्यमान सांगितलं, कोकोचं पीक सांगितलं, मग गाण्याचा अर्थ सांगितला. गेलेल्या माणसाला गावकरी म्हणतात: बघ, किती जण आलो आहोत. आम्ही तुझे होतो, हे तू असताना तुला सांगायचं राहून गेलं.

आधण निवून गेलं. मी मोबाइल घेतला आणि तीन वर्षांतला दुसरा मेसेज लिहिला: मॅडम, मी ऐकून राहिले.