कुठल्या नहरीत

आमच्या घरात नहर या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माझ्यासाठी नहर म्हणजे औरंगपुऱ्यातल्या घरांखालून जाणारा जुना बांधीव पाण्याचा मार्ग. डोंगरातलं पाणी शहरात आणायला कधीकाळी खणलेला, आता बहुतेक बुजलेला. आमच्या गल्लीखालचा त्याचा तुकडा अजून ओला आहे आणि पुलाजवळच्या दगडी कमानीतून त्याचं पाणी मागच्या नाल्यात पडतं. अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, नहर म्हणजे वैजापूरकडच्या त्यांच्या गावाजवळचा कालवा. या दोन अर्थांमधल्या फटीत मी अकरा वर्षं लपून राहिलो.

आमच्या परसात विहीर होती. पाणी स्वच्छ राहावं म्हणून अण्णांनी तिच्यात कासव सोडलं होतं. गावाहून एसटीनं, पितळी डब्यातून आणलेलं, तेव्हा तळहाताएवढं. ते मोठं झाल्यावर त्याच्या कवचाच्या कडेला बारीक भोक पाडून त्यांनी तांब्याची कडी अडकवली. कुणी उचलून नेलंच, तर ओळखता यावं म्हणून.

विहीर बुजवायचं मी ठरवलं. मला तिथं गाडी लावायची होती. अण्णांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "त्याला नहरीत सोड. गेटाखाली डोह हाय, तिथं बारमाही पाणी असतंय."

ते गावाकडच्या कालव्याचं म्हणतायत, हे मला पुरतं कळलं होतं. पण ऊन होतं, दुपारून कामावर जायचं होतं, आणि स्कूटरवर पायांमध्ये ठेवलेलं पोतं सारखं हलत होतं. मी पुलापर्यंत गेलो. नाल्यात उतरलो, कमानीच्या तोंडाशी पोतं उघडलं. कासव थोडा वेळ तसंच बसलं, मग मान काढून अंधारात चालत गेलं. वीस मिनिटांत मी घरी परतू शकलो असतो. पण वैजापूरला जाऊन यायला अर्धा दिवस लागतो, म्हणून तिथून परस्पर कामावर गेलो आणि संध्याकाळी आलो.

"सोडलं?"

"सोडलं अण्णा. नहरीत."

त्यानंतर ते अधूनमधून विचारत. एका उन्हाळ्यात मी गावाकडं लग्नाला जाऊन आलो, तेव्हा विचारलं, "दिसलं का रं?" मी म्हणालो, "दिसलं ना. नहरीच्या पुलावरून बघितलं. भरल्या पाण्यात पोहत होतं, कडी चमकली उन्हात." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समाधान झालं.

त्याच सुमारास मला नाल्याच्या पुलावर थांबायची सवय लागली. तिथं जे दिसतं ते शहराच्या मध्यावर असेल, असं सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. कपड्यांच्या दुकानातला एक टाकून दिलेला पुतळा, बिनडोक्याचा, छातीपर्यंत गाळात रुतलेला आहे. त्याच्या खांद्यावर एक वंचक बगळा तासन्‌तास बसतो, मातीच्याच रंगाचा. उडाला की पांढरे पंख उघडतात आणि पुतळ्यालाच पंख फुटल्यासारखं वाटतं. भिंतीच्या भेगेत घोरपड राहते, तिचं तोंड तेवढं बाहेर असतं. पाणदिवड साप देवाच्या फुटक्या तसबिरींमधून सरकत जातात. मुंगूस ठरल्या वेळी पाइपावरून पलीकडं जातं, आणि मी त्याला परत येताना कधीच पाहिलेलं नाही.

पुलावर कुलपं दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. एकदा कानस बाजूला ठेवून म्हणाले, "रोज आके खड़े रैते. देखते क्या तुम?"

"पक्षी बघतो, चाचा."

"पक्षी ऊपर रैते मियाँ. तुम तो नीचे देखते." मग स्वतःच हसले. "एक कछवा है नीचे. दोपहर को निकलता. कान में बाली है उसके."

"कासवाला कान कुठून आला?"

"कान नै तो नै. बाली तो है. और सुनो, मुँह नाले की तरफ नै करता. कमान की तरफ करके बैठता. जैसे अंदर से कोई बुलारा उसको."

त्यानंतर मी चार महिने दुपारी पुलावर गेलो नाही.

मागच्या पावसाळ्यात अण्णा पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यांची खाट खालच्या खोलीत आणली, बुजवलेल्या विहिरीला लागून. डॉक्टरांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस धरू नका. यंदाच्या मार्चमध्ये अण्णा म्हणायला लागले, "खाली कोन ठोकतंय?" दुपारी वीज जायची, कूलर बंद पडायचा, घर एकदम गप्प व्हायचं आणि मग ते बोट वर करायचे. "ऐक."

टक. बराच वेळ काही नाही. टक. दगडावर कवच आपटावं तसं.

"नाय अण्णा, काही नाय. वयानं असं वाटतं," मी म्हणायचो. मला ते ऐकू येत होतं. पहिल्या दिवसापासून.

एक दिवस बायको म्हणाली, "अहो, ते दुपारचे झोपत नाहीत हो. तुम्ही काहीतरी करा." काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. सांगायचं तर अण्णा आहेत तोवरच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दुपारी टब घेऊन मी नाल्यात उतरलो. कासव होतं तिथंच, कमानीकडं तोंड करून. पळालं नाही. कडी हिरवी पडली होती. मागच्या एका पायात नायलॉनचा दोर इतका रुतला होता की त्यावर कातडी चढली होती. वरून चाचा म्हणाले, "पैचान हुई क्या मियाँ अपने आदमी से?" मी कासव उचलून टबात ठेवलं.

टब खाटेजवळ ठेवला. अण्णांनी खाटेवरून हात खाली सोडला, कवचाची कड चाचपली, कडीवर बोट थांबलं.

"हे तर आपलंच हाय. नहरीत सोडलं व्हतं ना तू?"

"व्हय."

"कुठल्या?"

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पोतं, ऊन, कमान, ते लग्न.

ते छताकडं बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या उन्हाळ्यात नहरीला पानीच सुटलं नव्हतं, डोहबी आटला व्हता. पोरं किरकेट खेळत व्हती तिच्यात. मला गावाहून फोन आला व्हता."

"मग बोलला का नाय तुम्ही?"

"मला वाटलं, कोरड्यात मेलं असंल. बापाला वाईट वाटंल म्हनून पोरगं झाकतंय." त्यांनी हात टबातून काढून चादरीला पुसला. "मी तुला लई चांगला समजत व्हतो त्या पायी."

बायकोनं कात्रीनं दोर कापला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटा वैजापूरकडं गेलो, गेटाखालचा डोह शोधला आणि कासव पाण्यात ठेवलं. ते खाली गेलं, बुडबुडे आले, मग पाणी सपाट झालं. मी मोबाईलवर फोटो काढला.

दुपारी तो अण्णांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. "पानी समदीकडं सारखंच दिसतंय," म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

मी मोबाईल खिशात ठेवला. खरंच तिथं सोडलं, असं म्हणायचा हक्क राहिला नव्हता. तेवढ्यात वीज गेली. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं.

टक.

मी खाटेखाली पाहिलं. टब उलटा घालून भिंतीशी ठेवला होता. कासव मी माझ्या हातांनी डोहात सोडलं होतं, जाऊन यायला अर्धा दिवस लागतो तिथं. अण्णांनी बोट वर केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

टक.

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "येतंय ऐकू. पहिल्यापासून येतंय."

"मंग बस जरा," ते म्हणाले.

मी खाटेच्या कडेला बसलो. पायात चप्पल नव्हती. पुढचा ठोका मला तळव्यांना लागला.