करड्या चौकोनातला हात

सेल्मोचं म्हणणं साधं होतं. ज्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती वस्तू आपली नव्हे, आपण नुसते तिचे भाडेकरू.

समुद्रकाठच्या आमच्या तिनागोंग गावच्या बाजारात, सुक्या मासळीच्या गल्लीला चिकटून, त्याचं पंखे आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल आणि वर पत्रा. पण तिथं आलेली प्रत्येक वस्तू आधी उघडी पडायची. एकदा चर्चचा कर्णा घरघरायला लागला. शहरातून आलेला माणूस म्हणाला, हा सीलबंद आहे, नवीन घ्या. सेल्मोला ते सहन होईना. त्यानं कर्णा वेदीमागेच बसून उघडला, आत पालीची अंडी निघाली, ती त्यानं अलगद बाहेर ठेवली आणि झाकण लावलं. त्यानंतर तो कर्णा जो मुका झाला तो आजतागायत. पाद्रीबाबा बिचारे घसा ताणून प्रवचन करतात. सेल्मो मात्र खूश. "आत काय होतं ते तरी कळलं ना, पाद्रे?"

असा हा अन्सेल्मो पागुन्सान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. होती ती एक धर्मकन्या, जोनालिन. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं तिला हातात धरलं होतं, म्हणून तो तिचा निनोंग. आमच्याकडे निनोंग म्हणजे नुसता नावाचा मान नसतो. बाप बोटीवर असला की शाळेची फी निनोंगनं बघायची, पोरीचं लग्न ठरवायला निनोंगला विचारायचं, आणि पोरीबद्दल गावात काही बोललं गेलं तर निनोंगचा शब्द शेवटचा. जोनालिनचा बाप समुद्रातून परतलाच नाही. तेव्हा सेल्मोचा शब्द आणखी जड झाला. पोरगी शिकली, हायस्कुलात शिक्षिका झाली. पदवीच्या दिवशी सेल्मोनं उसना बारोंग, आमच्याकडचा समारंभाचा सदरा, घातला होता आणि बाह्या इतक्या आखूड होत्या की मनगटावरचं जुनं घड्याळ, त्याचा दोरीनं बांधलेला पट्टा, सगळ्या फोटोंत दिसतो.

सेल्मोचं दुसरं घर म्हणजे नांग पुरिंगची कॉफीची टपरी. थोरल्या बाईला आमच्याकडे नांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला नोंग. पूर्वी गावचं सगळं राजकारण तिथं चालायचं. नगराध्यक्षांनी धक्क्याच्या सिमेंटमध्ये किती वाळू घातली, कुणाला मत द्यायचं, सगळं. आवाज चढले की पुरिंग म्हणायची, "भांडायचं असेल तर आणखी एक कप घ्या, फुकट भांडण इथं मिळत नाही." मग कुणीतरी फोनवर 'धक्क्यावरची कॉफी' नावाचा गट काढला आणि सगळी भांडणं त्यात गेली. माणसं मात्र त्याच बाकांवर बसायची, माना खाली घालून. एके दिवशी पुरिंगनं बघितलं, सेल्मो आणि समोरचा कोळी तासभर तोंड न उघडता घामाघूम झालेत.

"अहो, तो समोर बसलाय! तोंडानं सांगा की त्याला!"

"नांग, लिहिलेलं टिकतं," सेल्मो म्हणाला.

"पादलेलंही टिकतं थोडा वेळ. कॉफी गार झाली तुमची."

सेल्मो लिहायचा खरा. फोनचं झाकण कंपन्या चिकटवून का टाकतात, याबद्दल त्यानं अख्खा निबंध लिहिला होता. सरकारला प्रत्येक सिमकार्डावर माणसाचं नाव कशाला हवं, यावर दुसरा. मतं ठाम, भाषा खणखणीत, आणि कुठल्याही गोष्टीवर पहिलं उत्तर त्याचंच. गावात त्याच्या लिहिण्याला वजन होतं.

मग नगराध्यक्षांनी चौकात फुकट इंटरनेट बसवलं. फीत कापली, डुक्कर भाजलं, बँड वाजला. चौकात बसा आणि हवं ते बघा. फक्त आधी ओळखपत्राचा फोटो द्यायचा, पत्ता द्यायचा आणि आपलं तोंड फोनला दाखवायचं. जोनालिननं गटात अगदी नम्रपणे विचारलं, की ही माहिती कुणाकडे जाते? निवडणूक तोंडावर आहे, कोण चौकात बसून काय वाचतं हे कुणाला कळणार का? बस, एवढंच. सेल्मोची छाती फुगली. त्यानं खाली लिहिलं, "माझी धर्मकन्या योग्य बोलली. मी माझं तोंड यंत्राला देणार नाही." आणि दिलं नाही.

त्यामुळे तो फोन कंपनीच्या फुकट सोयीवरच राहिला. ती सोय अशी, की अक्षरं फुकट, चित्रांना पैसे. गटात कुणी फोटो टाकला की सेल्मोच्या फोनवर त्या जागी करडा चौकोन यायचा. लग्न असो, पकडलेला मासा असो, सगळं करडं. त्याला त्याचं काही वाटत नसे. "बरंच आहे," तो म्हणायचा, "चित्रं माणसाला भुलवतात. मी शब्द वाचतो." गावातले अर्धेअधिक लोक तसंच वाचायचे आणि चौकोनात काय असेल ते मनानं भरायचे.

त्या आठवड्यात गटात बोयेटच्या नावानं शिमगा चालला होता. बोयेट फोनवरच्या कोंबडझुंजीचा दलाल. हायस्कुलातली पोरं वर्गात बसून पैज लावायला लागली होती, एकानं बापाच्या बोटीचं इंजिन विकलं होतं. सेल्मो त्याच्यावर तुटून पडला होता. बोयेटला तो लहानपणापासून ओळखायचा, त्याच्या आईचा पंखा दर उन्हाळ्यात दुरुस्त करायचा.

शनिवारी सकाळी दुकान उघडता उघडता त्यानं फोन बघितला. गटात एक करडा चौकोन आणि वर ओळ: 'आपल्या मुलांच्या डोक्यात विष कालवणारा चेहरा. नीट बघून ठेवा. गावानं काय करायचं?' टाकणाऱ्याचं नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं. सेल्मोनं तेवढं कशाला बघितलं असतं? विष, मुलं, चेहरा. बोयेटच, दुसरं कोण! त्यानं टेबलावर कोपर टेकून लिहिलं:

'हा चेहरा मी पाळण्यात बघितलेला आहे. घराणं सालस, पण निपजलं हे असं. मला दुःख होतं, तरी सांगतो, असल्याला गावात जागा नको. पोलिसांनी नेलं तर कुणी आडवं येऊ नये.'

वाचून बघितलं, आवडलं, पाठवलं. मग एका भातकुकरचं झाकण उघडून बसला.

दुपारी तो टपरीवर गेला तेव्हा बाकं भरलेली होती, पण कुणी मान वर केली नाही. त्यानं नेहमीसारखं हात चोळत विचारलं, "काय रे, आज कुणाची पाळी?" पुरिंगनं कॉफी आणली नाही. अंगावरच्या झग्याला हात पुसत ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"नोंग सेल्मो, ते तुम्ही लिहिलंत?"

"कुठलं? बोयेटचं? मीच लिहिलं. का, झोंबलं का कुणाला?"

"बोयेटचं?" पुरिंगनं त्याच्याकडे बघितलं, मग तिला काहीतरी कळलं असावं. तिनं आपला फोन काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

चौकोनात जोनालिन होती. पदवीच्या झग्यात, हसणारी. तिच्या कपाळावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डोंगरातल्या बंडखोरांची माणूस'. फोटोची बाजू कापलेली होती, पण कापणाऱ्यानं घाई केली होती. पोरीच्या खांद्यावर एक हात राहून गेला होता. आखूड बाही, मनगटावर दोरीनं बांधलेलं घड्याळ.

सेल्मोनं स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग खालचं वाचलं. सगळ्यात वर त्याचं स्वतःचं नाव, आणि खाली टाळ्या, टाळ्या. 'निनोंगच सांगतोय, आणखी पुरावा काय हवा?'

"मला चौकोन दिसला, नांग," तो म्हणाला. "नुसता चौकोन."

"मग विचारायचं ना! मी इथं दिवसभर उभी असते की नाही?" पुरिंगचा आवाज फुटला. "कॉफी पाजते ना तुम्हाला?"

त्यानं तिथल्या तिथे आपलं लिहिलेलं पुसून टाकलं. जन्मात पहिल्यांदा पुसलं. पण त्याच्या ओळींचाच फोटो काढून कुणीतरी आधीच पसरवला होता. शेजारच्या गावांच्या गटांत, शाळेच्या पालकांच्या गटात, जिथं तिथं त्याचे शब्द फिरत होते, आणि ते आता चित्र झाल्यामुळे त्याला दिसत नव्हते. त्याला दिसत होते करडे चौकोन आणि खालच्या शिव्या. तो प्रत्येक चौकोनाखाली लिहीत सुटला, 'हे माझ्याकडून चुकून झालं. पोरगी निर्दोष आहे. मी अन्सेल्मो पागुन्सान शपथेवर सांगतो.' कुठल्या चौकोनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. कुणाच्या म्हशीच्या फोटोखालीही त्यानं शपथ घातली, लोक पोट धरून हसले.

"म्हातारा घाबरला!"

"पलटायचे किती पैसे मिळाले, आजोबा?"

"आजोबा, आता म्हैस पण निर्दोष का?"

ही कोण माणसं, त्याला ठाऊक नव्हतं. नावाच्या जागी जास्वंद, फोटोच्या जागी कोंबडा. ज्यांना तो ओळखायचा ते गप्प होते, आणि हे त्याला जास्त लागलं. टपरीवर ज्याच्याशी तो रोज भांडायचा, तो कोळी गटात काही लिहीना. सेल्मोनं त्याला तोंडानं विचारलं. कोळी जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला, "नोंग, माझा पोरगा नगरपालिकेत लागलाय. मला काही लिहायला सांगू नका."

सोमवारी शाळेनं जोनालिनला सांगितलं, थोडे दिवस रजा घे. मंगळवारी मोटरसायकलवरून दोन माणसं आली, हेल्मेट न काढता तिच्या घराचा रस्ता विचारून गेली. आमच्याकडे हेल्मेटवाल्या दोघांनी घर विचारलं की शेजारी आपापली दारं लावून घेतात. पुढच्या खेपेला ते गोळी घालून जातात, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सेल्मो पोहोचला तेव्हा दारात जोनालिनची आई, नांग लुदिंग, उभी होती. तिनं त्याला आत घेतलं नाही.

"कोम्पारे," पोरीच्या निनोंगला आई ज्या नावानं हाक मारते त्याच नावानं ती म्हणाली, "माझ्या पोरीला तुम्ही देवासमोर हातात धरलं होतं."

"लुदिंग, मला दिसलं नव्हतं गं..."

"हो, ते सगळ्यांना सांगत फिरताय तुम्ही. माझ्या नवऱ्याला समुद्रानं नेलं. समुद्रानं काही लिहून ठेवलं नव्हतं."

आतून जोनालिन आली. कपडे पिशवीत भरत होती, हातात एक ब्लाऊज तसाच.

"नानाय," ती आईला म्हणाली, "येऊ दे त्यांना." ती सेल्मोकडे बघून जरा हसलीसुद्धा. "निनोंग, मला माहीत आहे. ते वाचल्यावरच मला कळलं, की तुम्ही फोटो बघितला नाही. बोयेटसाठीच लिहिलंत ना?"

"बोयेटसाठीच, इंदाय, पोरी. तुझी शपथ."

"मग बोयेटला तरी पोलिसांनी नेलं तर कुणी आडवं येऊ नये, असं का लिहिलंत?"

आयुष्यभर ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर पहिलं उत्तर असायचं, तो उंबऱ्याबाहेर उभा राहून आपल्याच घड्याळाच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"पोलिसांकडे जाऊ आपण," तो शेवटी म्हणाला. "मी जबाब देतो. पाद्रीबाबा साक्षीला येतील."

"गेले होते मी. तिथल्या माणसानं फोन काढून तुमचंच लिहिलेलं मला वाचून दाखवलं. म्हणाला, निनोंगपेक्षा जास्त आम्हाला काय ठाऊक असणार?" तिनं ब्लाऊज पिशवीत कोंबला. "पहाटेच्या बोटीनं जातेय. कुठं ते नका विचारू. तुम्हाला माहीत नसलेलं बरं. तुम्ही लिहून टाकाल."

ती हे चिडून बोलली नाही, म्हणूनच ते त्याला लागलं. मग तिनं त्याचा हात धरून आपल्या कपाळाला लावला, आशीर्वाद घ्यायला लहानपणापासून लावायची तसा. लुदिंगनं तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी सेल्मो चौकात गेला. बाकावर बसला, ओळखपत्र काढलं, फोनला दाखवलं. पत्ता दिला. यंत्र म्हणालं, चेहरा समोर धरा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. त्यानं सगळं ऐकलं. बाजूला मका विकणारी बाई म्हणाली, "काय हो नोंग, तुम्ही तर देणार नव्हता ना तोंड?" त्यानं यंत्र सांगत होतं तशी मान उजवीकडे वळवली. त्याला चौकोनांत काय आहे ते बघायचं होतं, म्हणजे योग्य जागी योग्य उत्तर देता आलं असतं.

एकेक करून चौकोन उघडले. सगळीकडे तोच फोटो, तोच हात. कुठं खाली त्याचेच शब्द मोठ्या अक्षरांत, कुठं पोरीच्या गळ्याभोवती कुणीतरी दोरी काढलेली. तो उत्तरं लिहायला बसला, पण थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की तो लिहितो तेवढ्या वेळा ते चित्र पुन्हा वर येतंय. लोक विसरायला आले की त्याची शपथ त्यांना आठवण करून देते. तेव्हा तो थांबला. हे यंत्र त्याला कुठून उघडायचं ते कळत नव्हतं.

पुढे नगराध्यक्ष पुन्हा निवडून आले. बोयेट त्यांच्या मिरवणुकीत पुढे नाचला. गटात नवे चेहरे आले, नवी नावं, त्याच टाळ्या. कोळी आता गटात पुन्हा लिहायला लागलाय, पण फक्त हवामानावर. पुरिंग सेल्मोला कॉफी देते, तो पितो, कुणाशी भांडत नाही. ती एकदा म्हणाली, "अहो, निदान साखर कमी आहे म्हणून तरी भांडा." तो म्हणाला, "बरोबर आहे साखर."

संध्याकाळी तो चौकात जातो. यंत्र रोज विचारतं, तुम्ही अन्सेल्मो पागुन्सान आहात का? तो बोटानं हो म्हणतो. मग सगळ्यांचे फोटो स्वच्छ दिसतात. लग्नं, मासे, म्हशी. तो जोनालिनचं नाव शोधतो आणि लिहितो, 'इंदाय, जेवलीस का?' तिनं आपलं खातं जाताना बंद करून टाकलंय. तिच्या नावापुढे चेहऱ्याच्या जागी एक करडं वर्तुळ आहे. तेवढं एक मात्र, चौकातल्या इंटरनेटवरही, उघडत नाही.