हसऱ्या खुन्याबरोबर विवरात

लोणारच्या पाण्याचा तो खारट, कुजका वास नाकात शिरला, की माझे पाय आजही आपोआप चढणीकडे वळतात. मी तिथला वाटाड्या; काही वर्षांपूर्वी विवर पाहायला आलेला पाहुणा आयर्लंडचा नट निघाला. टीव्हीवर हिंदीतून त्याचे सगळे सिनेमे मी पाहिलेले: एकात त्याने पाद्री होऊन माणसं बुडवली, दुसऱ्यात डॉक्टर होऊन गळे दाबले, आणि दरवेळी आधी गोड हसला. पाहुणा बोलला तसा माझ्यासोबतचा मित्र माझ्या कानात म्हणाला, "हा तो नोय बे! त्याचा आवाज ढोलासारखा, याचा तर बारीक हाय!" हिंदी आवाज दुसऱ्याचाच असतो, हे आम्हाला कुठे ठाऊक! खात्री करायला मी त्याला खाली पाण्याकाठी नेलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं, ते हसू दाखवा. त्याने दाखवलं. मी जो पळालो तो थेट वर! "पाव्हना कुठं हाय?" मित्राने विचारलं. "खालीच." "मंग जाय ना, त्याले रस्ता तरी ठाव हाय का?" पुन्हा उतरलो. पाहुणा दगडावर अंग चोरून बसलेला, भोवती वानरं दात विचकत होती. त्याने माझा हात जो आवळला, तो वर येईपर्यंत सोडवायची माझी छाती झाली नाही. अजूनही त्याचा सिनेमा लागला, की मी बायकोला शेजारी बसवतो. ती म्हणते, "तो वांदराले भेते, अन् तुमी त्याले?" मी मान डोलावतो, "हाव."