मोसंबीचं कलम आणि इंदूबाईंचा हात

शनिवारी सकाळी राउंडला गेले, तर सात नंबरचा पलंग रिकामा. चादर नीट घडी केलेली. हाताखाली घ्यायला दिलेल्या दोन उशांपैकी एक तेवढी गायब.

"इंदूबाई कुठं गेल्या?"

गायकवाड सिस्टरांचा चेहरा पडलेला होता. "मॅडम, बाथरूमला असतील म्हणून मी वाट बघितली. मग शेजारची पेशंट म्हणाली, नवऱ्याबरोबर सकाळच्या एसटीनं गेल्या. उशी घेऊन."

मी तेवीस वर्षं नगरमध्ये प्लास्टिक सर्जरी करतेय. पेशंट उशिरा येतात, औषधं सोडतात, पट्टीवर राख लावून येतात. पण ताजा ग्राफ्ट, म्हणजे नुकतीच बसवलेली कातडी, हातावर घेऊन पसार झालेली पेशंट मी पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिची पट्टी उघडायची होती. ती वेळेवर उघडली नाही, आत रक्त साचलं किंवा पू झाला, तर बसवलेली कातडी जाणार आणि हात आखडणार. हात आखडला की तिचं काम संपलं. आणि तिचं काम साधंसुधं नव्हतं.

इंदूबाई काष्टीच्या पुढच्या एका नर्सरीत कलमं बांधतात. मोसंबीचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, दुसऱ्या मुळावरच्या रोपात, खुंटात, भरायचा, आंब्याला पाचर मारायची, चिकूला भेट कलम करायचं. वीस वर्षं हेच. महिनाभरापूर्वी त्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजारातून येत होत्या. समोर शेळी आली, गाडी घसरली, आणि डावा हात खडीवरून फरफटत गेला. हाताच्या मागच्या बाजूची कातडी मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत निघून आली. नशीब असं, की बोटं हलवणाऱ्या शिरांवरचं पातळ आवरण शाबूत होतं.

"डावाच हाय ना," तिचे यजमान बबनराव पहिल्या दिवशी म्हणाले होते. गाडी तेच चालवत होते, त्यामुळे बिचारे धीर कुठे मिळतो ते शोधत होते.

"डावा खुंट धरतो आन् उजवा कापतो," इंदूबाई म्हणाल्या. "धरनारा गेल्यावर कापनारा काय वाऱ्यावर कापीन?"

बबनराव थर्मास उचलून चहा आणायला गेले.

जखम दोन-तीनदा साफ करून लालबुंद झाली, म्हणजे कातडी बसवण्याजोगी झाली, तेव्हा आमच्या सरांची आणि माझी जुंपली. सर म्हणजे माझे गुरू. सत्तरी ओलांडली तरी आठवड्यातून दोनदा ऑपरेशन थिएटरला येतात आणि मला अजून विद्यार्थिनी समजतात.

"मेश कर आणि मोकळी हो," सर म्हणाले.

इथे जरा समजावून सांगते. मांडीवरून कातडीचा वरचा पातळ पापुद्रा काढायला आमच्याकडे डर्माटोम नावाचं यंत्र असतं. बटाट्याचे वेफर पाडतात, तसलाच प्रकार. खालची मुळं जाग्यावर राहतात, त्यामुळे मांडी दोनेक आठवड्यांत आपोआप भरून येते. काढलेला पापुद्रा दुसऱ्या यंत्रातून फिरवला की त्याला बारीक छिद्रं पडतात आणि तो जाळीसारखा ताणता येतो. हा झाला मेश ग्राफ्ट. थोड्या कातडीत मोठी जखम झाकली जाते. खालचं रक्त, पाणी छिद्रांतून निघून जातं, म्हणून तो सहसा दगा देत नाही. मात्र ती छिद्रं भरताना कातडी आकसते, आणि जाळीची नक्षी जन्मभर राहते. पायाला चालतं. हाताच्या मागे कातडी आकसली तर बोटं वर ओढली जातात, मूठ वळत नाही.

दुसरा प्रकार शीट ग्राफ्ट. थोडा जाड पापुद्रा, छिद्रं न पाडता अखंड बसवायचा. कमी आकसतो, मऊ राहतो, दिसतोही बरा. पण खाली चमचाभर रक्त साचलं तरी वर उचलला जातो आणि मरतो. तिसरा फुल थिकनेस, म्हणजे कातडी पूर्ण जाडीची घ्यायची. तो सगळ्यात कमी आकसतो, पण घेतली ती जागा टाके घालून शिवावी लागते, त्यामुळे मोठा तुकडा मिळत नाही. पापणीला, बोटाच्या टोकाला ठीक. इंदूबाईंना तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"शीट बसवते," मी म्हटलं.

"मेला तर? परत मांडी सोलशील?"

"सर, मेश धरेल, पण मूठ नाही वळणार. त्या कलमं बांधतात."

"तुझी पेशंट, तुझी झोप," सर म्हणाले. म्हणजे त्यांच्या भाषेत परवानगी.

आता माझा एक दुर्गुण सांगते. मला समजावून सांगायची भारी हौस. पेशंट गवंडी असला की मी त्वचेला गिलावा म्हणते, शिंपी असला की अस्तर. आणि इथे तर साक्षात कलम बांधणारी बाई पुढ्यात. मी खुर्ची ओढून बसले.

"इंदूबाई, हे तुमचंच काम आहे. तुम्ही मोसंबीचा डोळा काढता, खुंटावर बसवता, पट्टीनं बांधता. मी मांडीची कातडी काढणार, हातावर बसवणार, पट्टीनं बांधणार."

बाईंचे डोळे चमकले. "आन् हललं तर?"

"मेलं."

"पानी साचलं तर?"

"मेलं."

"मंग आमचंच की हो," त्या बबनरावांकडे बघून म्हणाल्या. "आन् चिकूचं भेट कलम? तसं काय असतंय का तुमच्यात?"

असतं की. भेट कलमात फांदी आईच्या झाडावरून तोडत नाहीत. तशीच नेऊन खुंटाला बांधतात, जीव धरला की मग सोडवतात. आमच्यात त्याला फ्लॅप म्हणतात. शिरा उघड्या पडल्या असत्या, तर इंदूबाईंचा हात तीन आठवडे जांघेला शिवून ठेवावा लागला असता. हे ऐकून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या पलंगावरच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं.

मग मात्र त्यांनी एक शंका काढली. "साल सोलल्यावर झाड मरतं. मांडी कशी न्हाई मरत?"

"आम्ही पूर्ण साल काढत नाही. वरचा पापुद्राच."

तिथेच मला थांबून विचार करायला हवा होता, की झाड आणि माणूस सगळीकडे सारखे चालत नाहीत. पण मी रंगात आले होते. "बाकी सगळं अगदी तुमच्यासारखं," मी म्हटलं. "काडीचाही फरक नाही."

मंगळवारी ऑपरेशन झालं. बोटं मुठीकडे वाकवून हात स्प्लिंटमध्ये बांधला. गुरुवारी पट्टी उचलून बघितलं, तर एका कडेला बारकासा काळा फुगा. तिथे छोटा छेद देऊन रक्त हलकेच दाबून काढलं. इंदूबाई मान वाकवून बघत होत्या. इतकी शहाणी पेशंट मला कधी मिळाली नव्हती. हात उशीवरून तसूभर हलवत नव्हत्या. नवऱ्यालाही पलंगाला टेकू देत नव्हत्या.

"रविवारी पूर्ण उघडू," मी म्हटलं. "धरलं असेल तर पुढचं काम सुरू."

बाईंनी पदर ओढून डाव्या हाताची बोटं झाकली. मला वाटलं, दुखत असेल.

आणि शनिवारी पसार.

बबनरावांचा फोन बंद होता. सरांना सांगावं लागलंच. ते शांतपणे म्हणाले, "मेश केला असता तर घरी असली तरी चाललं असतं." मला रात्रभर तेच वाक्य ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. त्या हातासाठी मी सरांचं ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी सिस्टरांना घेतलं, ड्रेसिंगचा निर्जंतुक डबा घेतला आणि दौंड रस्त्यानं निघाले. काष्टीच्या पुढे नर्सरी विचारत गेलो. शेडनेटखाली हजारो रोपं, आणि मधोमध खुर्चीवर इंदूबाई. डावा हात आमच्या उशीवर, उशी शेडच्या पाइपाला बांधलेल्या साडीच्या झोळीत. हात छातीच्या वर, थेट पुस्तकात दाखवतात तसा. उजव्या हातानं त्या बायांना कामं सांगत होत्या.

मला बघून त्या उठल्या नाहीत. "मॅडम, उशी धुऊन देनार हुते."

"उशी राहू द्या. का आलात निघून?"

त्या बबनरावांकडे बघायला लागल्या, बबनराव रोपांकडे.

"दुखलं का? कुणी काही बोललं?"

"न्हाई वो. तुमी समदे लई चांगले. पन मला बोटं पायजेत."

"बोटांसाठीच तर केलं सगळं."

इंदूबाईंनी उजव्या हातानं कमरेला खोचलेलं सिकेटर काढलं. सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री. शेजारच्या पिशवीतलं मोसंबीचं रोप त्यांनी मला दाखवलं. खुंटावर पट्टी सोडलेला डोळा, हिरवागार, फुटायच्या बेतात. वर खुंटाचा चांगला हातभर शेंडा, पानांनी भरलेला.

"हा धरला," त्या म्हणाल्या. "धरला की पुढचं काम काय?"

आणि खट्कन त्यांनी डोळ्याच्या वरचा सगळा शेंडा छाटून टाकला.

मी त्या खाली पडलेल्या शेंड्याकडे बघत उभी राहिले. मग त्यांच्या हाताकडे बघितलं. मनगटापासून पेरांपर्यंत माझा ग्राफ्ट. त्याच्या वर चार बोटं.

"तुमीच म्हनल्या, काडीचा फरक न्हाई," इंदूबाई म्हणाल्या. "म्हनलं, धरलं तर बोटं जातील, न्हाई धरलं तर हात जाईन. मंग घरीच काय व्हईल ते व्हवू दे."

सिस्टर तोंडाला रुमाल लावून मागे वळल्या. मला हसू आलं नाही. गुरुवारपासून ही बाई बोटं जाणार या धास्तीत होती, आणि तरीही हात हलू दिला नव्हता. कारण कलम हलवायचं नसतं, एवढं तिच्या हाडात भिनलेलं. मला माझीच लाज वाटली.

"इंदूबाई, तुम्ही शेंडा का छाटता?"

"तो जोर खातो. डोळ्याला वाढू देत न्हाई."

"बोटं जोर खात नाहीत. ती माझ्या ग्राफ्टची मालक आहेत. ती हलावीत म्हणून तर ही खटपट. माणसात यापुढे काही छाटत नाहीत. मी सांगायला चुकले."

"काय बी कापनार न्हाई?"

"टाक्यांचे दोरे कापीन. तेवढंच."

त्यांनी बबनरावांकडे बघितलं. "मी म्हनलं हुतं इचारू आपन," बबनराव हळूच म्हणाले. शेळी आडवी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं काहीतरी बरोबर निघालं होतं.

नर्सरीच्या ऑफिसात टेबल स्वच्छ पुसून त्यावर निर्जंतुक कापड अंथरलं. उजेड मात्र आमच्या थिएटरपेक्षा बरा. हात धुऊन, ग्लोव्ह घालून मी थर एकेक करून उचलायला लागले. शेवटचा थर ओला करून हलकेच सोडवला. इंदूबाई माझ्याआधी वाकल्या.

गुलाबी. कडेला गुरुवारच्या फुग्याच्या जागी नखाएवढा काळा डाग, बाकी सगळा गुलाबी.

"धरलंय," इंदूबाई म्हणाल्या. हे वाक्य खरं तर माझं होतं, पण त्यांचा अधिकार मोठा.

त्या आमच्याबरोबर गाडीतून परत आल्या, उशीसकट. पुढे व्यायाम, तेलाचं मालिश, घट्ट हातमोजा, सगळं त्यांनी नेमानं केलं. चौथ्या महिन्यात सरांनी स्वतः त्यांची मूठ तपासली, दोनदा वळवायला लावली, आणि मला म्हणाले, "मेश पण वाईट नसता झाला." आमच्या सरांकडून एवढं मिळालं की शिष्यानं गप्प बसावं.

त्याच दिवशी इंदूबाईंनी पिशवीतून मोसंबीचं रोप काढलं. बरं झाल्यावर स्वतःच्या हातानं भरलेला पहिला डोळा. खुंट डाव्या हातात धरून. डोळा फुगलेला, वरचा शेंडा तसाच ठेवलेला. त्यांनी सिकेटर माझ्या हातात दिलं.

"धरलाय. वरचं तुमी कापा."

तेवीस वर्षं मी माणसं कापतेय. पण त्या हिरव्यागार शेंड्याला कात्री लावताना माझा हात अडला. चांगली पानं, ताजी फूट, आणि हे सगळं छाटायचं?

"कापा की," इंदूबाई म्हणाल्या. "आता कळलं ना मला काय वाटलं हुतं ते?"

मी कापलं. मोसंबी आता हॉस्पिटलच्या कंपाउंडला गुडघ्याएवढी आहे. पेशंटला त्याच्या कामातली उपमा देऊन समजवायची माझी खोड काही गेलेली नाही. फक्त शेवटी उपमा कुठे संपते तेही सांगते. परवा एका सुताराला प्लायवूड आणि सनमायका लावून ग्राफ्ट समजावला, आणि बाहेर पडणार तेवढ्यात गायकवाड सिस्टरांनी दारातूनच आठवण करून दिली, "मॅडम, खिळे मारायचे नाहीत ते सांगा."