गाण्यातला दम

मी संगीत शिकलेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहितानाही हात अडखळतो. तरी लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

"दादा, ह्यात दम नाय," सायली म्हणाली.

सायली लांज्याच्या कॉलेजातली. तिच्या ग्रुपला कोल्हापूरच्या स्पर्धेत नाचायचं होतं. नंबर आला नाही तर पुढच्या वर्षी कॉलेज ग्रुप पाठवणार नव्हतं. मी रत्नागिरीत नाझीमभाईंच्या स्टुडिओत कॉलेज सांभाळून काम करायचो. तिचा ट्रॅक मीच कॉम्प्युटरवर केला होता, शब्द नसलेला, नुसत्या ठेक्याचा.

दम म्हणजे वेग, असं मला वाटलं. बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, मी १२८ वरून १५० केले. मुलींनी गच्चीवर नाचून बघितलं. अर्ध्यातच दोघी धापा टाकत खाली बसल्या.

नाझीमभाई हसले. "मेल्या, दम गाण्यात पायजे. तू पोरींना दम लावलास!"

मी वेग पूर्वीसारखा केला आणि ऐकत बसलो. किक, म्हणजे तळाचा जाड ठोका, एकसारखा पडत होता. कानाला त्याची सवय होत होती. दोन ठोक्यांच्या मधोमध मी झांजेसारखा बारीक आवाज टाकला. चाल पुढे ढकलल्यासारखी वाटू लागली. मग मध्यावर किक काढूनच टाकली. एक सूर हळूहळू वर चढवला आणि टोकाला सगळंच बंद केलं. थोडी शांतता, आणि मग किक आणि बेस, म्हणजे खाली घुमणारा जाड सूर, एकदम परत.

"हां! आत्ता कसं अंगावर आलं," सायली म्हणाली. "वेग वाढवलात ना?"

"नाही. तेवढाच आहे."

तिला ते पटलं नाही.

स्पर्धा झाली, तरी फोन नाही. आपणहून विचारायचा मला धीर होईना. नाझीमभाई चिडवायचे, "काय रे, कोल्हापुरात गाणं अजून वाजतंय काय?"

शेवटी सायलीचाच फोन आला. "दादा, त्या शांततेत तिथल्या साउंडवाल्याला वाटलं, गाणं संपलं. त्याने बंदच केलीन सीडी!"

"मग?"

"मग काय? आम्ही हात वर करून तशाच उभ्या. पब्लिकच टाळ्यांनी ठेका धरायला लागलं. तेव्हा त्याने परत चालू केलीन. दुसरा नंबर आला!"

तेव्हापासून मी प्रत्येक सीडीच्या कव्हरवर मार्करने लिहून देतो: मध्ये शांतता आहे, हात लावू नये.