मास्तरांच्या नंबरावरून आलेली यादी

बेंबळीच्या संघप्रियाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजाचं तोंड तिनं पाहिलं नाही, बिघडलेले फोन उघडून उघडून शिकली. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी अॅप टाकलं, की ती आधी सिम नसलेल्या जुन्या फोनवर चालवून बघते आणि मगच "घ्या" म्हणते.

परवा बब्रुवान मास्तरांच्या नंबरावरून 'पीकविमा यादी'चं अॅप आलं. अर्ध्या गावाला शिकवलेला माणूस, त्यांचं कोण तपासणार? हिनं तपासलं. यादी नव्हतीच! अॅप फोनमधले सगळे मेसेज वाचायची परवानगी मागत होतं.

ती तडक मास्तरांच्या घरी गेली, मीही सोबत होतो.

"मास्तर, हे कुठून आणलं?"

"काय आणलं? सकाळपासून फोनला हात लावला न्हाय म्या. काल तेवढी एक लग्नपत्रिका उघडली व्हती."

पत्रिकाही अॅपच होती. त्या पत्रिकेनंच मास्तरांच्या फोनवरून यादीचं अॅप आपोआप गावभर पाठवलं होतं.

मी खिशातला फोन काढून घाईनं बंद केला. संघप्रिया माझ्याकडं बघत होती.

"तुम्ही उघडलं व्हय, दादा?"

दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा मी. मास्तरांचं नाव बघून सकाळीच उघडलं होतं.